गोठ्यातलं ‘एआय’: माजाची आणि रेतनाची वेळ इंजेक्शनने कशी ठरवतात?

‘एआय’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चॅटबॉट येतो. आमच्या घरी, सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, हा शब्द चॅटबॉटच्या कितीतरी आधीपासून आहे. जनावरांच्या डॉक्टरांच्या वहीत ‘ए. आय.’ असा रकाना असतो. त्याचा अर्थ कृत्रिम रेतन. वळू न आणता, द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवलेली वीर्याची कांडी वितळवायची आणि गाय किंवा म्हैस भरवायची.

या लेखात त्याच्या पुढची पायरी समजून घेऊ. गाय माजावर कधी येते याची वाट बघत बसायचं नाही. तीन इंजेक्शनं देऊन तिच्या अंडाशयाचं वेळापत्रक आपणच ठरवायचं, आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला रेतन करायचं. याला ‘टाइम्ड एआय’ म्हणतात. त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे ‘ओव्हसिंक’. सातारा-सांगलीत एचएफ संकरित गाई आणि मुऱ्हा म्हशी ठेवणाऱ्यांना डॉक्टर हा कोर्स सुचवतात, तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो, "एवढी इंजेक्शनं कशाला?" दुसरा प्रश्न येतो, "दुधात उतरतं का?" दोन्हींची उत्तरं पुढे आहेत.

तुमच्या घरी गोठा असेल आणि फोन नीट वापरणारे घरात तुम्हीच असाल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. कारण या कोर्सचा अर्धा भाग औषधाचा आहे आणि अर्धा अलार्मचा.

आधी अडचण समजून घेऊ

गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. माज टिकतो १२ ते १८ तास. गंमत अशी की स्त्रीबीज माजात सुटत नाही. माज संपल्यावर १० ते १४ तासांनी सुटतं, आणि सुटल्यावर ८-१० तासच चांगलं राहतं. गोठवलेल्या कांडीतले शुक्राणू गाईच्या पोटात साधारण एक दिवस जगतात, पण आत गेल्यावर फलनाच्या लायक व्हायला त्यांना काही तास लागतात. म्हणून ते बीजाच्या आधी पोचून थांबलेले हवेत. फार आधी नको, उशिरा तर मुळीच नको. २१ दिवस म्हणजे ५०४ तास. त्यातले उपयोगी तास जेमतेम अर्ध्या दिवसाचे.

जुना नियम सगळ्यांना पाठ आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या ट्रिंबर्गर या संशोधकाने १९४० च्या दशकात मांडला आणि तो आजही बरोबर आहे. अडचण एकच. त्यासाठी माज दिसावा लागतो.

गाय अस्वस्थ होते, हंबरते, काचेसारखा चिकट सोट टाकते, दूध थोडं कमी देते. खरी खूण म्हणजे दुसरी गाय अंगावर चढली तरी ती हलत नाही. पण दोन फुटांच्या दोरीला बांधलेल्या गाईवर चढणार कोण? मुक्त संचार गोठा असेल तर ही खूण दिसते, बांधलेल्या गोठ्यात नाही. जास्त दूध देणाऱ्या गाईंचा माज अजून आखूड असतो आणि बऱ्याचदा रात्रीत उरकतो.

म्हशीचं तर विचारूच नका. तिचा माज ‘मुका’. ना हंबरणं, ना उड्या. शिवाय म्हशी थंडीच्या बाजूला जास्त माजावर येतात, साधारण पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. आपल्याकडे नेमका तेव्हाच उसाचा गळीत हंगाम जोरात असतो. घरातली माणसं फडात, ट्रॅक्टरवर नाहीतर वाढे आणायला. ज्या महिन्यांत म्हशीकडे बघायला हवं, त्याच महिन्यांत बघायला कोणी नसतं. मला वाटतं, आपल्या भागात म्हशी गाभण न राहण्याचं हे एक मोठं आणि अगदी साधं कारण आहे. औषधाच्या दुकानात ते सापडत नाही.

एक माज चुकला की २१ दिवस गेले. समजा, एका जनावराच्या चारा-पेंडीवर रोज २०० रुपये जातात. मग एका चुकलेल्या माजाची किंमत ४,२०० रुपये. लागोपाठ तीन माज चुकले की भाकड काळ दोन महिन्यांनी लांबतो.

शरीरातलं मूळ वेळापत्रक

इंजेक्शन काय करतं हे कळायला तीन नावं पुरेशी आहेत.

पहिलं जीएनआरएच. मेंदूतून सुटणारा छोटा संदेश. तो मेंदूच्या खालच्या पियुषिका ग्रंथीपर्यंत जातो, तिथून एलएच नावाचं हार्मोन एकदम उसळतं, आणि अंडाशयावरची पिकलेली पुटिका फुटून बीज बाहेर पडतं. पुटिका म्हणजे बीज ज्यात वाढतं तो पाण्याचा फुगा.

दुसरं प्रोजेस्टेरॉन. पुटिका फुटली की त्याच जागी पीतपिंड तयार होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन सोडत राहतो. हे हार्मोन रक्तात आहे तोवर गाय माजावर येत नाही. आमच्या कोडच्या भाषेत हे लॉक आहे. गाय गाभण राहिली तर लॉक तसंच राहतं.

तिसरं प्रोस्टाग्लँडिन. गाय गाभण नसेल तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास गर्भाशय हे सोडतं. पीतपिंड विरघळतो, लॉक निघतं, दोन-तीन दिवसांत गाय परत माजावर.

यातल्या जीएनआरएचची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण ती डुकरांची आहे. हा संदेश मेंदूत इतका कमी असतो की तो ओळखायला अमेरिकेतल्या अँड्र्यू शॅली यांच्या गटाला सुमारे १ लाख ६० हजार डुकरांच्या मेंदूंतला हायपोथॅलॅमस हा भाग वापरावा लागला. १९७१ मध्ये त्याची रचना कळली. फक्त १० अमिनो आम्लांची साखळी. रॉजर गिलमिन यांचा गट हेच काम मेंढ्यांच्या मेंदूंवर करत होता आणि दोघांची चुरस त्या काळी गाजली. १९७७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना रोझलिन यॅलो यांच्यासोबत विभागून मिळालं. रचना कळल्यावर कुठल्याच प्राण्याची गरज उरली नाही, रेणू प्रयोगशाळेतच बनायला लागला. आज तुमच्या डॉक्टरांच्या बॅगेतल्या बाटलीवर ‘बुसेरेलिन’ असं लिहिलेलं दिसेल. तो याच रेणूचा सुधारलेला भाऊ. प्रोस्टाग्लँडिनच्या बाटलीवर बहुतेक वेळा ‘क्लोप्रोस्टेनॉल’ असतं.

०, १६८, २२४, २४०

१९९५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पर्सली, मी आणि विल्टबँक यांनी ही दोन औषधं एका ठरावीक क्रमाने देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीच ओव्हसिंक. तिचे तास मला आवडतात, कारण ते सरळ एका ओळीत बसतात. ०, १६८, २२४, २४०. बरोबर दहा दिवस.

० वा तास, समजा सोमवार सकाळी ९. जीएनआरएचचं पहिलं इंजेक्शन. अंडाशयावर त्या क्षणी मोठी पुटिका असेल तर ती फुटते, तिथे पीतपिंड बनतो, आणि दीड-दोन दिवसांत पुटिकांची नवी फळी वाढायला लागते. हे इंजेक्शन गाईला माजावर आणण्यासाठी नाही. तिचं चक्र आपल्या चक्राशी जुळवण्यासाठी आहे. फोन अडकला की आपण रीस्टार्ट करतो, तसंच.

१६८ वा तास, पुढचा सोमवार सकाळी ९. प्रोस्टाग्लँडिन. सात दिवसांत वाढलेला पीतपिंड विरघळतो. लॉक निघालं.

२२४ वा तास, बुधवार संध्याकाळी ५. जीएनआरएचचं दुसरं इंजेक्शन. एव्हाना नवी पुटिका पिकलेली असते. तिला आता ‘फूट’ असा आदेश मिळतो आणि पुढच्या २४ ते ३२ तासांत बीज सुटतं.

२४० वा तास, गुरुवार सकाळी ९. रेतन. बीज सुटायला अजून काही तास आहेत, शुक्राणूंना तयार व्हायला तेवढे पुरतात.

काही डॉक्टर २२४ ऐवजी २१६ व्या तासाला, म्हणजे प्रोस्टाग्लँडिननंतर ४८ तासांनी दुसरं जीएनआरएच देतात आणि १६ ते २० तासांनी भरवतात. तेही चालतं. मात्र एकदा ठरवलं की तेच पाळायचं. डोस किती हे डॉक्टर जनावर बघून ठरवतील. ही औषधं चिठ्ठीवरच घ्यायची असतात आणि कोर्सचा निर्णय पशुवैद्यकाचाच. यूट्यूबवरचा व्हिडिओ बघून शेजाऱ्याकडून उरलेली बाटली आणणं म्हणजे पैसे आणि गाय दोन्ही घालवणं.

दोन गोष्टी गोठ्यात नेहमी गोंधळ करतात. एक, प्रोस्टाग्लँडिन दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाय आपणहून माजावर आलेली दिसली तर अलार्मची वाट बघू नका. डॉक्टरांना लगेच कळवा आणि सकाळ-संध्याकाळच्या जुन्या नियमाने भरवा. गाईने स्वतः सांगितलेली वेळ आपल्या वेळापत्रकापेक्षा खरी. दोन, गुरुवारी सकाळी गाय शांत उभी असेल, सोट नाही, काही नाही. घरातले म्हणतील, "माजच नाही, उगाच कांडी कशाला वाया घालवता?" पण भरवायचीच. दुसऱ्या जीएनआरएचमुळे माजाची लक्षणं दिसायच्या आधीच बीज सुटायची तयारी झालेली असते. बऱ्याच गाई या कोर्समध्ये नीट माज दाखवत नाहीत. इथे लक्षणांवर नाही, घड्याळावर विश्वास ठेवायचा असतो. वर्षानुवर्षं गाईकडे बघून निर्णय घेणाऱ्या माणसाला हे पटवणं सोपं नाही, आणि त्याचा आग्रह चुकीचाही नाही. फक्त इथे तो लागू पडत नाही.

माझा अलार्म कसा चुकला

मी पुण्यात कोड लिहिते. गावी चुलते, आमचे तात्या, गोठा बघतात. गेल्या वर्षी एका गाईला हा कोर्स करायचं ठरलं, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने तात्यांच्या फोनवर चारही अलार्म लावून दिले. पहिले दोन बरोबर वाजले. तिसरा बुधवारी पहाटे ५ ला वाजला. १२ तासांच्या घड्याळात मी संध्याकाळऐवजी पहाट निवडली होती. तात्यांनी तो धार काढायचा अलार्म समजून बंद केला. संध्याकाळी कोणालाच आठवण नाही. गुरुवारी डॉक्टर कांडी घेऊन आले तेव्हा उलगडा झाला. त्यांनी तिथेच इंजेक्शन दिलं, आणि परत यायला जमणार नव्हतं म्हणून लगेच भरवलंही. गाय उलटली.

दिवसभर सर्व्हरच्या वेळांशी खेळणारी मी, आणि गोठ्यातला एक अलार्म मला नीट लावता आला नाही. तात्या काही बोलले नाहीत. "पुढच्या टायमाला मी भिंतीवर लिहून ठेवतो," एवढंच म्हणाले. आता आमच्याकडे फोन २४ तासांच्या घड्याळावर आहे, प्रत्येक अलार्मला ‘गाय, दुसरं जीएनआरएच, डॉक्टरांना फोन’ असं नाव आहे, अलार्म दोन फोनवर आहे, आणि भिंतीवर खडूने लिहिलेलंही आहे. खडू सगळ्यात भरवशाचा निघाला.

सुरुवातीची वेळ निवडण्याआधी शेवटची वेळ बघा. तुमचे डॉक्टर रविवारी येत नसतील, किंवा रात्री ११ ला दुसरं इंजेक्शन पडत असेल, तर पहिलं इंजेक्शनच दुसऱ्या दिवशी घ्या. वरचं सोमवार सकाळचं उदाहरण त्यासाठीच घेतलंय. चारही वेळा माणसं जागी असताना येतात.

यश किती? हिशोब नीट मांडू

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. तीन इंजेक्शनं आणि कांडी एवढा खर्च केला म्हणजे गाय गाभण राहायलाच हवी, असं लोकांना वाटतं. तसं नाही. ओव्हसिंकनंतर एका रेतनात गाभण राहण्याचं प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असतं. चांगला माज बघून योग्य वेळी भरवलेल्या गाईपेक्षा हे जास्त नाही, कधीकधी थोडं कमीच.

मग उपयोग काय? दहा गाई धरा. माज बघून भरवायचं म्हटलं तर २१ दिवसांत समजा पाचच गाईंचा माज नजरेत आला. त्यातल्या ४० टक्के राहिल्या, म्हणजे दोन. कोर्स केला तर दहाच्या दहा भरवल्या गेल्या. ३५ टक्के धरले तरी साडेतीन. इंजेक्शनने एकाही गाईची गाभण राहण्याची ताकद वाढवली नाही. तिने फक्त प्रयत्नांची संख्या वाढवली.

हे डोक्यात बसलं की निर्णय सोपा होतो. दोन-चार जनावरं आहेत, घरात सकाळ-संध्याकाळ गोठ्यात अर्धा तास उभं राहणारं माणूस आहे, माज स्पष्ट दिसतो, तर कोर्सची गरज नाही. ते अर्ध्या तासाचं बघणं फुकट आहे आणि तितकंच चांगलं आहे. जनावरं जास्त असतील, मुका माज असेल, किंवा ठरावीक महिन्यात विणी यायला हवी असेल, तर कोर्स कामाचा. लिंगनिर्धारित वीर्य, म्हणजे ज्यातून जवळजवळ ९० टक्के कालवडी होतात, ते वापरणार असाल तर वेळ आणखी काटेकोर हवी. साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात, या महागड्या कांडीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि ते टिकतातही कमी. अशी कांडी आधी निरोगी कालवडींसाठी वापरतात. वारंवार उलटणाऱ्या गाईत ती घालणं म्हणजे जुगार.

हाडं दिसणारी, नुकतीच व्यालेली, दुधाच्या भरात सगळी ताकद घालवणारी गाय इंजेक्शनला दाद देत नाही. विल्यावर किमान ५०-६० दिवस जाऊ द्यायचे, गर्भाशयात पू नाही ना हे तपासून घ्यायचं, आणि खनिज मिश्रण व पोटभर चारा सुरू असायला हवा. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर ठेवलेल्या गाईला आधी खाऊ घाला, मग अलार्म लावा.

इथे मात्र जपून

क्लोप्रोस्टेनॉल गाभण गाईला दिलं तर ती गाभडते. पीतपिंड हेच गाभण राहण्याचं लॉक आहे आणि हे औषध तेच तोडतं. म्हणून ‘दोन महिन्यांपूर्वी भरवली होती, पण राहिली नसेल’ असल्या अंदाजावर हे इंजेक्शन कधीही द्यायचं नाही. आधी तपासणी, मगच कोर्स.

दुसरा धोका माणसांना आहे आणि त्याबद्दल गोठ्यात फार कमी बोललं जातं. हे औषध कातडीतून शरीरात शिरतं. गरोदर बाईने ती बाटली, सिरिंज, सांडलेला थेंब, काहीच हाताळू नये. गर्भपात होऊ शकतो. दम्याच्या माणसानेही दूर राहावं, कारण त्याने श्वासनलिका आवळते. आमच्याकडे त्या दुसऱ्या सोमवारी गाईचं डोकं धरून वहिनी उभी होती, सातवा महिना. गाय तिच्याच हाताखाली शांत राहते, म्हणून. डॉक्टरांनी बॅग उघडली, वहिनीकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आत जा. गाय मी बघतो." मला हे तोवर माहीत नव्हतं. इतकी कागदपत्रं वाचली होती, तास पाठ केले होते, आणि घरातल्या माणसाचा विचारच केला नव्हता. गोठ्यातलं बरंचसं काम बायकाच करतात, म्हणून हा मजकूर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. हातमोजे घाला, थेंब सांडला तर लगेच साबणाने धुवा, रिकामी बाटली पोरांच्या हाती लागू देऊ नका.

दुधात उतरतं का?

जीएनआरएच म्हणजे प्रथिनाचा बारीक तुकडा. शरीरात तो लवकर मोडतो, आणि दुधातून पोटात गेलाच तरी डाळीतल्या प्रथिनासारखा पचतो. प्रोस्टाग्लँडिनही शरीर काही तासांत निकामी करतं. म्हणून अनेक देशांत या औषधांनंतर दूध फेकून द्यावं लागत नाही. तरी तुमच्या बाटलीवरच्या कागदात काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. सगळी हार्मोन मात्र सारखी नाहीत. माज आणण्यासाठी पूर्वी इस्ट्राडिऑल वापरायचे, युरोपीय संघाने २००६ मध्ये खाद्य जनावरांत तो वापर बंद केला.

लोकांच्या मनातली भीती बहुतेक ऑक्सिटोसिनची असते. पान्हा सोडायला रोज टोचतात ते. त्याचा या कोर्सशी काही संबंध नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला अपायकारक असं काहीही टोचणं प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे.

म्हैस, मेंढी आणि डुकरीण

उन्हाळ्यात म्हशीचं अंडाशय बऱ्याचदा थंड पडलेलं असतं. तिथे रीस्टार्ट करायला चालू असलेलं चक्रच नसतं, त्यामुळे साधं ओव्हसिंक फारसं चालत नाही. अशा वेळी डॉक्टर प्रोजेस्टेरॉन भिजवलेलं एक साधन सात ते नऊ दिवस योनीत ठेवतात. म्हणजे आधी खोटं लॉक लावायचं, मग काढायचं. काढल्यावर अंडाशय जागं होण्याची शक्यता वाढते. अवघड केस असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथला सल्ला घेता येतो.

मेंढीतही हीच युक्ती, पण साधन स्पंजचं आणि १२ ते १४ दिवसांसाठी. मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड इतकं वाकडंतिकडं असतं की गोठवलेलं वीर्य साध्या नळीने आत पोचत नाही. दुर्बिणीने पोटातून सोडावं लागतं. त्यामुळे मेंढपाळाच्या वाड्यावर हे तंत्र फारसं पोचलेलं नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जी बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये सुरू केली, वेगळीच वाट धरली. सुंदरबनच्या गारोळ मेंढीत एक जनुक असतं, त्याचं नाव ‘फेक-बी’. त्यामुळे मेंढी एका वेळी एकाऐवजी अनेकदा दोन बीजं सोडते. ते जनुक संस्थेने दख्खनी मेंढीत आणलं आणि ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. इथे दर वेळी इंजेक्शन नाही. बदल एकदाच रक्तात केला की तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. जुळ्यांना दूध पुरवायला मेंढीला खाणं मात्र जास्त लागतं.

आणि आता डुकरीण, कारण वेळापत्रकाचा हा विचार सगळ्यात टोकाला नेलाय तो डुक्करपालनाने. आपल्या भागात मोठे डुक्कर फार्म फारसे नाहीत, पण युरोप-अमेरिकेत हजारो माद्या आठवड्याच्या बॅचमध्ये विणतात. तिथलं पहिलं ‘इंजेक्शन’ फुकट आहे. पिल्लं तोडली की डुकरीण चार ते सात दिवसांत आपोआप माजावर येते. सगळ्यांची पिल्लं एकाच गुरुवारी तोडली की सगळ्या पुढच्या आठवड्यात एकत्र. पहिलटकरणींना अल्ट्रेनोजेस्ट नावाचं औषध १४ ते १८ दिवस खाद्यातून देतात आणि एकदम बंद करतात.

डुकरिणीचा माज दोन-तीन दिवस चालतो आणि बीजं त्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या सुमारास सुटतात. नेमकं कधी हे कळत नाही, म्हणून दोन-तीनदा रेतन करावं लागायचं. २०१२ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोरेलिन या औषधाच्या जेलला मंजुरी मिळाली. तोही जीएनआरएचचाच भाऊ. पिल्लं तोडल्यावर ९६ तासांनी जेल, त्यानंतर २२ तासांच्या आसपास एकच रेतन. डुकराचं वीर्य गोठवत नाहीत, १७ अंशांच्या आसपास थंड ठेवून काही दिवसांत वापरतात.

गाईचं वेळापत्रक डुकरिणीला मात्र जसंच्या तसं लावता येत नाही. गाईचा पीतपिंड पाचव्या-सहाव्या दिवसापासून प्रोस्टाग्लँडिनला दाद देतो, डुकरिणीचा जवळजवळ बाराव्या दिवसापर्यंत देतच नाही. दोघींचं चक्र २१ दिवसांचंच, तरी आतला हिशोब वेगळा. मेंढ्या-डुकरांत वापरलं जाणारं आणखी एक हार्मोन, ईसीजी, गाभण घोड्यांच्या रक्तातून काढतात. आइसलँड आणि दक्षिण अमेरिकेतल्या या रक्तसंकलनावरून प्राणिमित्रांनी मोठा आवाज उठवलाय, आणि तो मला रास्त वाटतो.

फोनचं काम

जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो. रेतन झालं की त्या नंबरावर ‘भारत पशुधन’ प्रणालीत नोंद करून घ्या. कोणत्या वळूची कांडी, कोणती तारीख, हे पुढच्या वेताला लागतं. पलूस तालुक्यात भिलवडीच्या चितळे डेअरीने तर आरएफआयडी टॅग वापरून जनावरांच्या नोंदी संगणकावर नेल्या, तेही आपल्याकडे स्मार्टफोन घरोघरी पोचायच्या आधीच्या काळात. टॅग माज ओळखत नाही, हे लक्षात ठेवा. त्यासाठी चालणं मोजणारे गळ्यातले पट्टे असतात, माजात गाय जास्त फिरते त्यावरून ते सांगतात. मोठ्या गोठ्याला परवडतात. चार जनावरांच्या गोठ्यात तात्यांचे डोळे स्वस्त पडतात.

रेतनानंतर फोनमध्ये आणखी दोन नोंदी करा. १८ ते २४ व्या दिवसांत रोज सकाळ-संध्याकाळ गाय बघायची, उलटली तर इथेच कळतं. आणि ६० व्या दिवशी डॉक्टरांकडून गाभण तपासणी. सोनोग्राफी असेल तर महिन्यातच कळतं. आमची गाय दुसऱ्या कोर्सला राहिली. त्या दिवशीचा अलार्म तात्यांनी स्वतः लावला होता.